खुर्ची मी घेऊन जातेय

आई,

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात निघतेय. अडगळीच्या खोलीत तू ठेवून दिलेली माझी चाकाची खुर्ची दादाकडून काढून घेतली आणि त्याच्याच गाडीतून दुकानात चाललेय. त्याच्यावर डाफरू नकोस, मीच हात धुऊन मागे लागले होते.

मोटरवर चालणारे ते नवे पाय पलंगाशी चार्जिंगला लावलेत. मावशी आली की तिला ते खुशाल दाखव, पण मी चालून दाखवीन म्हणून तिला थांबवून ठेवू नकोस. काल तू फोनवर तिला म्हणालीस, "पोरगी अगदी पहिल्यासारखी झाली!" मी दाराआडून ऐकलं. पहिल्यासारखी नाही झाले गं. ते पाय लावले की दोन्ही हात कुबड्यांत अडकतात. आज चष्म्यांच्या नव्या फ्रेम येणार आहेत. खुर्चीत बसले की ट्रे मांडीवर घेऊन मी दुकानभर फिरते, गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही.

म्हणून मला चालायचं नाही, असं समजू नकोस. परवा खिडकीशी उभी राहिले तेव्हा तुझ्या भांगातले पांढरे केस दिसले. अपघातानंतर तुला वरून पहिल्यांदाच पाहिलं. किती पिकलीस गं! तेवढं बघायलासुद्धा मी रोज उभी राहीन. पण ते तुझ्यामाझ्यात. पाहुण्यांसमोर नको.

रागावलीस तर मावशीसमोर रडू नकोस, मी आल्यावर माझ्याशी भांड. दार मात्र तूच उघड. आणि पायांकडे नको, आधी माझ्या तोंडाकडे बघ.

— ठमी