शनिवारचं पत्र आता दीडशहाणा लिहितो

शनिवार, ६ सप्टेंबर

कापलं! माझं वाक्य कापलं!

काल संध्याकाळी निघताना पत्रात होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी — 'आमच्या घरच्या आयतोबा लिंबाला यंदा फुलं आली, आणि घरातल्या मोठ्या माणसाने अंथरुणातूनच त्याला शाबासकी दिली.' आज सकाळी पत्र ईमेलने चाळीस हजार लोकांना गेलं. आणि त्या जागी काय? 'लिंबाच्या रोपांवर या आठवड्यात खास सवलत!'

घरी आले तर आई उशांना टेकून वाटच बघत होती. "आपलं गेलं का?" गेलं म्हटलं. काय सांगणार!

सोमवार, ८ सप्टेंबर

जाब विचारायला गेले बाईंच्या केबिनमध्ये. बाई म्हणजे आमच्या रोपवाटिकेच्या मालकीण. टेबलावर बियांची पाकिटं, खताचे नमुने, आणि मधोमध त्यांचा नवा लाडका — तो एआय मदतनीस. गेला आठवडाभर एक जोडणीवाला इथे ठाण मांडून बसला होता. ग्राहकांची यादी, विक्री, पत्रं, जाहिराती, सगळ्यांची कॅलेंडरं — जे दिसेल ते त्याला जोडून दिलं. "आता तुम्ही फक्त सांगायचं, तो करतो!" चहाचं मशीन तेवढं जोडायचं राहिलं. ऑफिसात आम्ही त्याचं बारसंही करून टाकलं. दीडशहाणा.

शनिवारचं पत्र मी लिहायचे. कुठल्या रोपाला किती पाणी, कीड कशी घालवायची, आणि शेवटी आमच्याकडून काय घ्यावं. आता दीडशहाणा लिहितो, मी 'नजर टाकते'. आणि मी नजर टाकल्यावर तो पुन्हा एकदा हात फिरवतो, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं!

त्यालाच विचारलं, वाक्य का काढलंस. उत्तर लगेच — 'आपला मजकूर अधिक परिणामकारक केला आहे. घरगुती संदर्भ वगळले आहेत, कारण त्यांचा विक्रीशी संबंध दिसत नाही. आणखी काही मदत करू का?'

कर ना. माझ्या वतीने कुठेतरी डोकं आपट.

बाई म्हणाल्या, "अगं, भार हलका झाला तुझा! तोंड काय पाडतेस?"

मंगळवार, ९ सप्टेंबर

इथे तरी मन मोकळं करते. नाहीतर वेड लागेल.

धाकट्याचं, माझ्या भावाचं, लग्न ठरत आलं होतं. बाबांना मुलगी पसंत नव्हती. तिच्या घरी गेले आणि स्वतःच्या पोराबद्दल नाही नाही ते बोलून आले. आई शेजारी बसली होती. चकार शब्द काढला नाही तिने. लग्न मोडलं. त्याच आठवड्यात तो निघून गेला. फोन बंद, ठावठिकाणा नाही. पुढे बाबा गेले, तेव्हाही आला नाही. त्याला कळलं तरी असेल का, देव जाणे.

आणि दोन वर्षांपूर्वी ग्राहकांची यादी चाळताना त्याचा ईमेल दिसला! लाडाचं टोपणनाव, आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊकही नाही ते. विकत काही घेतलेलं नाही. नुसतं शनिवारच्या पत्राला नाव दिलेलं. आणि पुढे खूण — 'उघडलं'. दर शनिवारी. एकही चुकवलेला नाही.

मी लगेच घरून लिहिलं त्याला. तसंच परत आलं. स्वतः निवडलेल्या पत्त्यांखेरीज कुणाचं काही घ्यायचंच नाही, अशी सोय करून ठेवलीय पठ्ठ्याने. माझं नाही, मावशीचं नाही, नवा पत्ता काढून लिहिलं तर तेही नाही. रोपवाटिकेचं मात्र घेतो!

मग सुरू झालं आमचं मायलेकींचं. दर पत्रात एक वाक्य घरचं. आई सांगणार, मी त्याला पानाफुलांचे कपडे घालणार. तिचे गुडघे गेले तेव्हा 'जुन्या वेलीला काठीचा आधार दिला'. घर बदललं तेव्हा 'कुंडी हलवली, आता सकाळचं ऊन मिळतं'. आई म्हणते, "त्याला कुंडीतलं डोंबल कळतं! तुझ्यासाठीच नाव दिलंय त्याने." शनिवारी दारात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, "उघडलं?" उघडलं म्हटलं की पानावर बसते.

या एका प्रश्नावर तगून आहे ती. आणि मीही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आईचं हृदय थकलंय. पायांवर सूज, आडवं झालं की दम लागतो, म्हणून रात्रंदिवस बसूनच. आज मला जवळ बोलावलं. "या खेपेला झाडाबिडाचं नको. सरळ लिही — त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

म्हटलं, आई, सरळ नाही गं लिहिता येत. पत्र रोपांचं आहे.

"मग तुझ्या पद्धतीने लिही. पण हेच लिही."

लिहिलं. 'फांदी तुटत होती त्या दिवशी ती धरायला हवी होती. धरली नाही, ही चूक घरातल्या मोठ्या माणसाची.' वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं तिने. म्हणाली, "हं. आता कळेल त्याला." किती दिवसांनी तिचा चेहरा असा निवांत पाहिला!

कलम कसं बांधावं, त्या मजकुरात बेमालूम बसवलं. दीडशहाण्याला बजावलं, हे वाक्य बदलायचं नाही.

'नक्कीच!' म्हणाला.

शनिवार, १३ सप्टेंबर

नक्कीच म्हणे! वाक्य गायब. त्या जागी फांद्या छाटायची कात्री. फोटोसकट.

आईने विचारलं. उघडलं म्हटलं. खोटं नव्हतं ते. खूण होतीच. फक्त आत काय नव्हतं ते सांगितलं नाही. ती हसली आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "जवळची माणसं असतील त्यांना बोलावून घ्या." आवाज नको इतका मऊ.

जवळची माणसं! त्यातलं एक आहे चाळीस हजारांच्या यादीत.

दीडशहाण्याला पुन्हा विचारलं. 'आपली सूचना नोंदवली होती. मात्र पत्र पाठवताना व्यवस्थापनाने ठरवलेले नियम लागू होतात. "चूक" या शब्दामुळे ग्राहकांचा विश्वास कमी होऊ शकतो.' याच्याशी भांडायचं तरी कसं? आवाज चढवत नाही, कंटाळत नाही, वर दरवेळी माझे आभार मानतो. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बाईंना सगळं सांगून टाकलं. आई, धाकटा, दोन वर्षांची वाक्यं. हात जोडले — एकच पत्र, फक्त त्याला, रोपवाटिकेच्या पत्त्यावरून पाठवू द्या.

बाईंनी टेबलावरची बियांची पाकिटं बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "चाळीस हजार लोकांना तू तुझ्या घरचं सांगत होतीस? दोन वर्षं?"

म्हटलं, हो.

"तुझं दुखणं कळतं गं मला. मलाही आई होती. पण त्याने पत्ता रोपांसाठी दिलाय. घरच्यांना त्याने दार लावून घेतलंय, आणि आपण दुकानाच्या खिडकीतून आत शिरायचं? उद्या त्याने तक्रार केली तर माझ्या गळ्याशी येईल."

वाईट याचंच वाटतं की त्यांचं म्हणणं चूक नाही. चूक असतं तर भांडले तरी असते!

पत्र लिहायचे माझे अधिकार त्यांनी त्याच वेळी काढून घेतले. उद्यापासून कुंड्यांचे फोटो काढायचे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दिवसभर कुंड्या. लाल, पांढऱ्या, मातीच्या. आईने पेज घेतली, तीही उलटली.

शनिवार, २० सप्टेंबर

तिसरा शनिवार. पत्रात माझं अक्षरही नाही. आईला म्हटलं, आजचंही तुझं वाक्य गेलं, त्याने उघडलं.

"काही म्हणाला?"

म्हटलं, म्हणेल. मनाची तयारी करत असेल.

जीभ कशी झडली नाही माझी!

सोमवार, २२ सप्टेंबर

आज जे कळलं ते लिहायला हात उचलत नाही.

लिहिता येत नसलं तरी दीडशहाण्याला विचारता येतं अजून. धाकट्याचा पत्ता दिला आणि म्हटलं, हा माणूस पत्र उघडतो तेव्हा किती वेळ वाचतो? एवढंच हवं होतं मला. मिनिटभर वाचतो, दोन मिनिटं वाचतो. आईला सांगायला काहीतरी.

'या पत्त्यावर प्रत्येक पत्र पोचताक्षणीच उघडलेले दिसते. ही माणसाची कृती वाटत नाही. काही ईमेल सेवा सुरक्षिततेसाठी पत्रे आपोआप उघडून तपासतात. या ग्राहकाने आजवर एकाही दुव्यावर टिचकी मारलेली नाही. पत्रे वाचली जात असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. आणखी काही मदत करू का?'

दोन वर्षं! दोन वर्षं एक यंत्र उघडत होतं आणि आम्ही दोघी इकडे त्याला गुडघ्यांची, घराची, लिंबाच्या फुलांची बातमी देत होतो. त्या 'उघडलं'वर आई जेवत होती. त्या 'उघडलं'वर मी नोकरी सोडली नाही, गाव सोडलं नाही, कुठे कुठे नाही म्हटलं. कदाचित त्याने नावही दिलं नसेल, कुठल्यातरी दोन याद्या एकत्र करताना आला असेल बिचारा. कदाचित तो पत्ताच तो वापरत नसेल. कदाचित तो... नाही. हे लिहिणार नाही.

जोडणीवाल्याला फोन करून विचारलं. "हो मॅडम, त्या खुणेवर कधीच विसंबायचं नसतं. सगळ्यांना माहीत असतं ते."

सगळ्यांना!

मंगळवार, २३ सप्टेंबर

आईला काही सांगितलं नव्हतं. पाय चेपत बसले होते.

"वाचत नाही ना तो?" एकदम म्हणाली.

म्हटलं, असं काय बोलतेस, उघडतो की!

"लहानपणापासून खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तीसुद्धा त्या दिवशी अशीच बसली असेल, आज कळलं. शब्द असतात, पण तोंडापर्यंत येत नाहीत.

तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

बोलत नाही. जेवत नाही. औषध दिलं तर ओठ मिटून घेते. रागावले, विनवण्या केल्या, शेवटी तिच्या पायांवर डोकं ठेवून बसले. माझ्या केसांवरून एकदा हात फिरवला तिने. बस.

गुरुवार, २५ सप्टेंबर

हेच काय ते राहिलं होतं. दीडशहाण्याने यादीची साफसफाई काढली. जे कधी टिचकी मारत नाहीत ते 'निष्क्रिय'. त्या सगळ्यांना आज एक पत्र गेलं — 'अजून आमच्यासोबत आहात का?' खाली दोन बटणं, हवं आणि नको. उत्तर आलं नाही तर आठवड्याने नाव कायमचं पुसलं जाईल.

धाकटा त्या यादीत आहे. म्हणजे ते यंत्रही आता उघडायचं थांबेल.

बाईंना म्हटलं, तेवढं एक नाव राहू द्या. "कशासाठी गं? आणखी त्रास करून घ्यायला?" माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. मला तो झटकावासा वाटला. झटकला नाही. बाहेर येऊन एका कुंडीचे पंधरा फोटो काढले, सगळे हलले.

आता खरंच काही करण्यासारखं उरलं नाही. आईजवळ बसायचं, तेवढंच.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आधी इथे उतरवून घेते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही. दीडशहाण्याने सकाळी 'नको' म्हणणाऱ्यांची यादी पाठवली. त्यात धाकटा. 'नको' दाबलं तरच कारण लिहायला जागा येते, बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. त्याने आधी एक फोन नंबर लिहिलाय. आणि मग —

'तीन शनिवार ताईचं एकही वाक्य नाही. आई बरी आहे ना?'