हे तर नुसतं राहायला

२ ऑगस्ट, शनिवार

आले एकदाचे सर्वेवाले! आज येतील, उद्या येतील म्हणत पावसाळा अर्धा गेला आणि उगवले ते नेमके आज — एरंडोलची गाडी धरायची, पिशव्या दारात, अक्कांचं लुगडं अर्धं नेसून झालेलं. मेल्यांना आजच मुहूर्त सापडला!

मेले म्हणजे एकटाच माणूस होता, हातात मोबाईल. बोलण्यावरून पुण्याकडचा. घर सासूबाईंच्या नावाने दाखवायचं ठरलेलं, म्हणून अक्कांना दारात उभं करून फोटो काढला. लाईट बिल मागितलं. मी आत जाऊन डबे उपसत होते तोवर अक्कांशी काहीतरी बोलत होता. मी बाहेर आले तर 'झालं आजी' म्हणून निघाला सुद्धा.

शेजारी निंबाआप्पांकडे कुलूप. 'हे कुठे गेले?' म्हणाला. मी म्हटलं, घरी गेलेत, कानबाईला. मोबाईलवर बोट फिरवत पुढे गेला.

जाताना भिंतीवर लाल रंगात नंबर टाकला. रंग ओघळून ओट्यापर्यंत आलाय. इतकी वर्षं पांझरेच्या काठाला राहतोय, भिंतीवर नंबर कधी पडला नव्हता. हे म्हणतात, चांगलंच आहे, नोंद झाली. मला मात्र बाजारात बकऱ्याच्या पाठीवर रंग लावतात तेच आठवलं. बस आली, उरलेलं परत आल्यावर.

४ ऑगस्ट, सोमवार

कुळाच्या देवीला, कानबाईला निरोप देऊन परत आलो. शालिग्रामनाना म्हणजे माझे चुलत सासरे, त्यांच्याकडे बसते ती. दरसाल तेच — घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू, त्याचा रोट, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला कण नाही. यांच्या नावाची मूठही त्यातच पडते. अक्का पाटावर अशा बसतात, जणू घराची मालकीण. घर नानांचं. सासरे गिरणीत लागायला धुळ्याला आले तेव्हाच हिस्सा सोडून आले. नंतर नानांनी पाडून माडीचं बांधलं. आपला तिथे एक खिळा नाही.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. बस पारोळ्याला थांबली तेव्हा अक्का खुशीत म्हणाल्या, 'त्या साहेबनी इचारं, आजी, दुसरं कथं घर शे का? मी सांगं, शे ना भो! एरंडोलले शे, माडीनं. हाई तं नुसतं ऱ्हावाले शे.'

आणि हे त्या सर्वेवाल्याला सांगितलं!

योगेंद्र वकील देवपुरातलाच पोरगा, वस्तीसाठी फुकट धावतो. त्याने समाजमंदिरात घसा फोडून सांगितलं होतं — दोन हजार अकराच्या आधीची राहती घरं सरकार नावावर करून देणार, वर घर बांधायला पैसे, पण देशात कुठेही दुसरं पक्कं घर असता कामा नये. कुठेही! अक्का पुढेच बसल्या होत्या. मान हलवत होत्या.

मी म्हटलं, अक्का, हे काय केलंत? तर म्हणतात, 'मंग काय सांगू? मी बेघर शे का?'

यांना सांगितलं. नरडाण्याला कंपनीत दिवसभर मशीनशी बोलून माणूस घरी मुका होतो की काय कोण जाणे.

५ ऑगस्ट

जिभेला काही हाड? एक वाक्य! नाही म्हणायला काय लागतं?

७ ऑगस्ट

निंबाआप्पा आणि त्यांची बायको ठगूबाई परत आले. त्यांना सगळं सांगितलं. ठगूबाईने कपाळावर हात मारला, 'माय वं!' आप्पा हसले. म्हणाले, 'अक्का काय खोटं बोलनी? जठे कानबाई बसस तठे घर. बठ्ठा असंच सांगतस.' म्हटलं, आप्पा, सगळे सांगतात म्हणून सरकारला कळतं का? अक्कांचं सोडा, माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाने तरी शब्द जपून वापरावा.

त्यांचं बरं आहे. कुलूप होतं त्यांच्याकडे सर्वेवाले परत येणार म्हणे. आप्पा आता हमालीला जाताना ठगूबाईला दारातून हलू देत नाहीत.

योगेंद्रला गाठलं. तो म्हणाला, ताई, आत्ता काही करता येत नाही. कच्ची यादी लागू द्या, मग हरकत घेऊ. म्हणजे तोवर मी काय करायचं? पोळ्या लाटायच्या आणि घाबरायचं!

१३ ऑगस्ट

पलीकडच्या काठाला जेसीबी येऊन उभा आहे. नुसता उभा आहे. कोणी म्हणतं नाल्यासाठी, कोणी म्हणतं रस्त्यासाठी. ज्यांचं यादीत नाव नाही त्यांची घरं आधी काढणार, असं नळावर ऐकलं. कोण म्हणालं विचारलं तर जी ती दुसरीकडे बोट दाखवते. तरी मी यांच्या मागे लागून घराचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतले. पिशवी उशाला घेऊन झोपते. हे हसतात. हसा.

२० ऑगस्ट

अक्कलपाड्याच्या धरणातून पाणी सोडलं. दुपारपासून भोंगा. हे कामावर, आमची पोरगी पुनम क्लासला, मी आणि अक्का दोघीच. पाणी खालच्या गल्लीत शिरलं. काय उचलू, काय ठेवू! निंबाआप्पा आले, अक्कांना पाठीवर घेतलं आणि शाळेच्या जिन्यापर्यंत नेऊन बसवलं. ओझ्याची सवय आहे वं, म्हणाले. परत येऊन माझी शिलाई मशीनही उचलून नेली. स्वतःचा गहू भिजला त्यांचा.

आपल्या दारापर्यंत आलं आणि उतरलं. लाल नंबर तसाच आहे. पुराने गेला नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कच्ची यादी लागली. अक्कांच्या नावापुढे — 'अपात्र. अन्यत्र पक्के घर.'

माहीत होतं तरी तीच ओळ परत परत वाचत राहिले. योगेंद्रच हाताला धरून खाली घेऊन आला. निंबाआप्पांचं नाव 'प्रलंबित' मध्ये. म्हणजे अजून तपासायचंय, घाबरायचं कारण नाही, योगेंद्र म्हणाला. ठगूबाई घाबरलीच नाही. उलट मलाच पाणी आणून दिलं.

उद्या गणपती. मखराचा पुठ्ठा तसाच पडलाय. हात चालत नाही माझा.

२९ ऑगस्ट

हरकत दिली. योगेंद्रने लिहून दिली, अक्कांचा अंगठा. घर नानांचं, याचा पुरावा म्हणून हे एरंडोलला जाऊन नानांच्या नावाची घरपट्टीची पावती घेऊन आले. नाना एकच वाक्य बोलले म्हणे — 'वहिनी सोताच्या तोंडनी सांगीन का, की तठे घर नही?'

तीच तर भीती आहे. योगेंद्रही तेच सांगतो. पावती कितीही दाखवा, म्हातारीने स्वतः घर आहे म्हटलंय, तर नाहीही तिनेच म्हणायला हवं. सुनावणीला साहेब तिलाच विचारणार.

३० ऑगस्ट

अक्कांना बसवून शिकवलं. साहेब विचारतील, एरंडोलला घर आहे का? तुम्ही म्हणायचं, नाही. म्हणा. — त्या वाती वळत बसल्या. परत विचारलं. 'मी हाई शबुद तोंडमाईन काढाव नही.' का? 'मन्हा नवरा तठला शे. मेल्यावर त्याले बेघर करू का?'

मी ओरडले. नको ते बोलले. म्हटलं, तुमच्या माडीच्या तोऱ्यापायी पुनमच्या डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर जाईल, तेव्हा जा त्या माडीवर राहायला, बघू कोण घेतं! अक्का उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. ठगूबाई त्यांच्याजवळ बसली.

भीतीने माणूस किती वाईट बोलतो! पण भीती काही माझ्या मनाची नाही, भिंतीवर लिहिलेली आहे.

४ सप्टेंबर

अक्का जेवतात, कामं करतात, माझ्याशी बोलत नाहीत. पुनमला म्हणाल्या, तुन्ही मायले सांग, मीठ जास्त व्हयनं.

जास्त झालंच होतं.

१० सप्टेंबर

उद्या सुनावणी. घरात बोलणं नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. अहो, बांधायचं राहू द्या, आहे ते आपलं म्हणवून घेतानाच जीव जातोय. अक्का उद्या परत छाती काढून 'माडीनं शे' म्हणाल्या तर? मी काय त्यांच्या तोंडावर हात ठेवणार आहे? योगेंद्र म्हणाला, या वस्तीत कधीपासून राहता, याला शेजारचा साक्षीदार आणा. निंबाआप्पा खाडा करून येणार आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

झालं तसं लिहून ठेवते.

ऑफिसात गर्दी, पंखा बंद. पुढच्या बाईचं काम भर्रकन आटपलं, तिला रडतानाच बाहेर आणलं. मग आपलं नाव. निंबाआप्पांनी आधी सांगितलं, साहेब, हाई बाई मन्ही शेजारीण, प्रेमराज पायना मधला पोऱ्या व्हता तवपासून आठेच शे. प्रेमराज म्हणजे हे, पाळण्यात होते तेव्हापासून. टोपी हातात घेऊन बोलले. त्यांना इतकं नीट बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

साहेबांनी पावती पाहिली. मग अक्कांकडे वळले. 'आजी, तुम्हीच सांगितलंत ना, एरंडोलला घर आहे?'

मी पदराची गाठ मारत होते, सोडत होते. साहेबांनी परत विचारलं. योगेंद्रने माझ्याकडे पाहिलं. संपलं, वाटलं.

आणि अक्का बोलल्या. हळू. 'तठे मन्हा रोट शे, साहेब. घर नही. घर... आठेच शे.'

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं चिडले. तर म्हणतात, 'रोट एरंडोलला का? आमचा अमळनेरला. दरसाल जातो. राहतो इथे क्वार्टरमध्ये.' मग शेजारच्या क्लार्कला म्हणाले, बाहेरचा सर्वेवाला असला की असं होतं बघा. घर विचारलं की आपली माणसं कानबाईचं ठिकाण सांगतात.

बाहेर आल्यावर हे चक्क हसले! मी कोपऱ्यावरून पेढे घेतले. निंबाआप्पांना दिला, योगेंद्रला दिला. अक्कांपुढे धरला तर त्यांनी हात मागे घेतला. 'आज मन्हं घर गयं, नि तू पेढा दी ऱ्हायनी.'

पेढा माझ्या हातातच राहिला. घरी येईपर्यंत त्याचा लगदा झाला.

१२ सप्टेंबर

सकाळी अक्कांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, 'ऊठ, चहा ठेव.' माझ्याशी बोलल्या!

२४ सप्टेंबर

पक्की यादी अजून नाही. जेसीबी अलीकडच्या काठाला आलाय. निंबाआप्पांकडे अजून कोणी तपासायला आलं नाही. योगेंद्र म्हणतो, येतील. ठगूबाई घटाच्या पूजेलाही दार सोडत नाही, तिची आरती मीच लावून येते.

आपलंही काय खरं आहे? साहेब चांगले बोलले, पण बोलणं वेगळं, यादी वेगळी. काल स्वप्नात भिंतीवरचा नंबर दिसला आणि मागे भिंतच नव्हती.

६ ऑक्टोबर, सोमवार

लागली! अक्कांचं नाव — पात्र! झुंबरबाई, पूर्ण नाव, बरोबर लिहिलेलं! बोटाने ओळ धरून वाचली, पुनमकडून वाचून घेतली, मग यांच्याकडून. ऑफिसच्या पायरीवर बसून रडले, लाज नाही वाटली. अक्का म्हणाल्या, पुढच्या सालले कानबाई आठेच बसाडूत. नानांना विचारून, रोट वेगळा करून. इथे, या पत्र्याखाली!

कितीतरी दिवसांनी भूक लागली. भरीत केलं. निंबाआप्पांकडे वाटी दिली. त्यांचं नाव शोधायचं राहिलंच, गर्दी फार होती. योगेंद्र उद्या बघून येणार आहे.

७ ऑक्टोबर

निंबाआप्पा अपात्र. योगेंद्र ऑफिसात भांडून आला — हरकतीची मुदत कच्च्या यादीलाच संपली म्हणे. परत कोणी आलंच नव्हतं, येणारही नव्हतं. त्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, 'स्वतःचे घर दुसरीकडे आहे, तिकडे गेले आहेत. माहिती शेजाऱ्यांकडून.'

ठगूबाई माझ्याच ओट्यावर बसून रडत होती. 'कोनी सांगं व्हई वं कोकिळा?'

घरी गेलेत, कानबाईला — एवढंच म्हटलं होतं मी.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, काय माहीत, ठगूबाई.