विचार केला, सहमत आहे

सोमवार, २७ ऑक्टोबर. संध्याकाळी ७

दिवाळी संपली. संकल्प करायची हीच वेळ. लोक जानेवारीपर्यंत थांबतात, म्हणून मागे पडतात.

एक : रोज सकाळी मनोरमाबरोबर बड्या तलावावर फिरायला जाणे. बायको तीन वर्षं मागे लागली आहे.

दोन : क्षितिजाचे मेल न वाचणे.

दुसरा संकल्प आजच अमलात आणला. क्षितिजा म्हणजे नीळकंठची, माझ्या मेहुण्याची, मुलगी. इंदूरहून एमबीए करून आली आणि बापाच्या ऑफिसात बसली. तेव्हापासून मला रोज मेल. काका, हे बदलू या का. काका, ते असं करू या का. नीळकंठचा यंत्रांच्या गॅस्केटचा कारखाना शहराबाहेर मंडीदीपला आहे, पण तो चालतो अरेरा कॉलोनीतल्या ऑफिसात ऑर्डरचे मेल येतात म्हणून. आणि मेल येतात माझ्या सर्व्हरमुळे. रिटायर झाल्यावर जिन्याखालच्या खोलीत मी तो स्वतःच्या हातांनी उभा केला. मनोरमालाही त्यावर खातं उघडून दिलं. तिचा पासवर्ड तीन वर्षं फ्रिजवर चिकटलेला आहे.

तर आज ऑटो-रिप्लाय बसवला. ऑफिसातून किंवा घरून मला मेल आला की लगेच उत्तर जाणार :

'आपला मेल मिळाला. विचार केला. सहमत आहे. पुढील कार्यवाही करावी. – का. वि. पाटणकर.'

सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं फायलींवर हाच शेरा मारला. कधी काही बिघडलं नाही. मेल आपोआप 'निकाली' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. वाचायची गरज नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

योजना कमालीची यशस्वी. चार मेल निकाली. एकही वाचला नाही.

दुपारी क्षितिजा स्वतः जिन्याखाली आली. डोळे ओलसर. म्हणाली, काका, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. कशाबद्दल ते विचारलं नाही. कौतुक चालू असताना मध्ये बोलू नये.

फिरायला गेलो नाही. बूट सापडत नाहीत.

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी १०.४०

इनकमिंग बंद!

शनिवार संध्याकाळपासून बाहेरून एकही मेल नाही. शून्य. मी मलाच मेल केला, तो आला. म्हणजे सर्व्हर ठणठणीत. मोबाइलवरच्या दुसऱ्या अकाउंटवरून 'टेस्ट १' पाठवला. आला नाही, परतही गेला नाही.

कोणाला सांगायचं नाही. कारण जानेवारीच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, एक मेल जरी अडकला तरी मी स्वतः सर्व्हर बंद करून घरी जाईन. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता सर्व्हर गेला तर मला या ऑफिसात दुसरं काम काय आहे? चहा किती वाजता येतो ते बघणे.

दारावर 'मेंटेनन्स चालू आहे' अशी पाटी लावली.

दुपारी ४. कोणाचीही तक्रार नाही. दिवसभर मेल नाही तरी एकही माणूस विचारायला आला नाही. याला म्हणतात विश्वास.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

केबल बदलली. धूळ झटकली. पंख्यात पाल होती. तीच असणार. पाल काढली. टेस्ट २ ते टेस्ट १७. एकही आला नाही.

जितेंद्र, आमचा डिस्पॅचवाला, मंडीदीपहून आलेला मोठ्या ऑर्डरचा माल गाडीत भरत होता. मेल बंद, तर ऑर्डर आली कशी? मग लक्षात आलं, पार्टीने फोन केला असणार. मला बघून त्याने एकदम पायाला हात लावला. म्हणाला, काकाजी, आपने तो दिल जीत लिया. अपन से तो नहीं होता.

मेंटेनन्सची खरी किंमत खालच्या लोकांनाच कळते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुनानक जयंतीची सुट्टी. शांतपणे काम होईल म्हणून एकटाच ऑफिसात गेलो. दीड वाजता वॉचमनने आत कोणी नाही असं समजून शटर ओढलं आणि जेवायला गेला. तो पाच वाजता उगवला.

साडेतीन तास जिन्याखाली. तिथे ताठ उभं राहता येत नाही. फोन खिशात होता, पण करणार कोणाला? नीळकंठला केला तर तो विचारणार, भाऊजी, सुट्टीच्या दिवशी तिथे काय करताय. मनोरमाला केला तर ती नीळकंठला करणार. बसून राहिलो. टेस्ट १८ ते ४०. मधे एकदा खरंच रडू आलं. धुळीमुळेही असेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

इंटरनेट कंपनीचा माणूस गुपचूप बोलावला. पाच मिनिटं बघून म्हणाला, अंकल, आपका डब्बा तो एकदम चकाचक है. डाक ही कहीं और जा रही होगी. जहाँ से कंपनी का नाम लिया है, वहाँ पता देख लो.

डाक दुसरीकडे जाईल कशी? पत्ता मी स्वतः लिहिला आहे. आजकालच्या मुलांना मूळ अभ्यासच नसतो. चहा पाजून पाठवला.

संध्याकाळी क्षितिजाने विचारलं, काका, तुम्हाला शालीचा कुठला रंग आवडतो? आणि उद्या चार वाजता दोन शब्द बोलाल ना? आता कळलं. सर्व्हरला तीन वर्षं झाली. सत्कार! आणि नेमकं इनकमिंग बंद. उद्या चारच्या आत सुरू झालंच पाहिजे, नाहीतर शाल अंगावर घेऊन खोटं बोलायची पाळी येईल.

मोरपंखी सांगितला. भाषण लिहून ठेवलं. दोन पानं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ११

सहज म्हणून, कंपनीचं नाव जिथे नोंदवलं आहे तिथे पत्ता बघितला. बदललेला आहे. शनिवारी संध्याकाळी सहा दहाला. आमची सगळी डाक बाहेरच्या कुठल्याशा मेल कंपनीकडे जाते आहे. बदल करणाऱ्याच्या रकान्यात नाव भरलंय : क्षितिजा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा पासवर्ड, तोही माझ्या वहीतला! नीळकंठकडे लेखी तक्रार करायची म्हणून पुरावा शोधायला 'निकाली' फोल्डर उघडलं.

सोमवार. काका, मेल बाहेरच्या कंपनीकडे द्यावा असं मला वाटतं. पण सर्व्हर तुम्ही जिवापाड जपलाय. तुमची ना असेल तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. – विचार केला. सहमत आहे.

मंगळवार. बाबा म्हणतात, भाऊजी इतक्या सहज हो म्हणणार नाहीत. तुम्ही नीट विचार केलात ना? – विचार केला. सहमत आहे.

बुधवार. मग शनिवारी बदल करते. पासवर्ड तुमच्या वहीतून घेऊ? – सहमत आहे.

गुरुवार. सात तारखेला तुमच्यासाठी छोटासा निरोप समारंभ करायचा आहे. – सहमत आहे. पुढील कार्यवाही करावी.

खाली प्रत्येक वेळी माझं नाव. का. वि. पाटणकर.

दुपारी १. जेवणाचा डबा उघडला नाही.

संध्याकाळी ६

शाल, श्रीफळ, कचोऱ्या. नीळकंठ म्हणाला, भाऊजी, मी तर भांडणाची तयारी करून बसलो होतो. तुम्ही अडून बसला असता तर मी गप्प बसलो असतो, ताईच्या शपथेवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी काय सांगणार? मेल मी वाचलेच नाहीत असं? तीन वर्षं लोकांना शिकवलं की मेल वाचत जा. म्हणालो, विचार केला होता.

दोन पानांचं भाषण खिशातच राहिलं. त्यात 'यापुढेही' हा शब्द सहा वेळा होता.

मग क्षितिजाने माझा नवीन मेलबॉक्स सगळ्यांना पडद्यावर दाखवला. न वाचलेले मेल चाळीस. टेस्ट १, टेस्ट २, टेस्ट ३. सगळे माझेच. जितेंद्र हसला. मी म्हणालो, नवी व्यवस्था तपासत होतो. बरी आहे.

क्षितिजा हसली नाही. तिने पडद्यावरच्या तारखा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, काका, माझे मेल तुम्ही वाचले होते ना? मी म्हणालो, मी प्रत्येक मेल वाचतो. सर्व्हर तिने स्वतः उचलून गाडीत ठेवला आणि मला कोटऱ्याला घरापर्यंत सोडलं. वाटेत मला फार वाईट वाटलं. त्या पोरीने चार वेळा विचारलं होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ११

सर्व्हर जेवणाच्या टेबलावर मांडला आहे. चालू आहे. का, ते विचारू नये. मनोरमाने विचारलं. तेव्हा तिला सगळं सांगितलं, ऑटो-रिप्लायसकट. ती ऐकून घेऊन उठली, फ्रिजपाशी थोडा वेळ उभी राहिली आणि जुना लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली.

११.२० इनकमिंग!! आठ दिवसांनी पहिला मेल. प्रेषक : मनोरमा.

'अहो, उद्यापासून सकाळी सहाला तलावावर. येताना दळण आणायचं. जेवणाच्या टेबलावरचं खोकं आजच हलवायचं. आणि दर शनिवारी क्षितिजाला जेवायला बोलवायचं, तिच्याशी खरं बोलायचं.'

ऑटो-रिप्लाय बंद करायला धावलो. उशीर झाला होता. मनोरमा आतून म्हणाली, उत्तर मिळालं, विचार करून दिलंय असं लिहिलंय.

बूट शोधतो आहे.