बंदुकीची पेटी आणि मधली भिंत

कोडोली,
१४ सप्टेंबर २००३

चि. पृथ्वीराज यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे माणसं, म्हशी सगळी खुशाल. तुझी वहिनी तुझी आणि आपल्या जावेची, क्रांतीची, आठवण काढते. मीही काढतो, पण ते तिला सांगत नाही. फोनवर तुझं नुसतं ‘हां, बोला’ ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून चार वर्षांनी हे पत्र.

आण्णांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत संपत आली होती. बंदूक कशी ठेवतो ते बघायला ठाण्यातून दोन हवालदार आले. मी शिवाजी पेठेतून बनवून आणलेली लोखंडी पेटी ऐटीत दाखवली. दोघांनी बंदुकीसकट पेटी उचलली आणि थेट अंगणात नेऊन ठेवली.

“काका, झाली बघा चोरी! घटस्थापनेच्या आत पेटी भिंतीला आवळा. न्हायतर बंदूक ठाण्यात जमा.”

म्हणजे खंडेनवमीला मी झेंडूची माळ घेऊन ठाण्यात जायचं!

गुंडू गवंड्याला बोलावलं. आपली मधली भिंत मातीची, ती खिळा धरत नाही, पेटी काय धरणार? गुंडू म्हणाला, “आरपार बोल्ट टाकूया की. पलीकडनं नट आवळला की हत्तीला बी हलायची न्हाय.” मी म्हणालो, टाक. पलीकडे तुझी कुलूपबंद खोली आहे हे आठवेपर्यंत चार भोकं पडली होती.

क्रांतीचं कपबश्यांचं कपाट त्याच भिंतीला आहे का? सहज विचारतो.

बरं, सहज नाही. आवाज झाला. एका भोकातून बॅटरी मारली आणि दुसऱ्याला डोळा लावला. दोन कप शाबूत दिसले. बश्यांचं काही सांगता येत नाही.

आता बोल्ट घातलेत, पण नट तुझ्या बाजूला. गुंडू म्हणाला, “कुलूप तोडूया की, त्यात काय!” मी असा ओरडलो की शेजारचा ज्ञानू जेवण टाकून धावत आला. माझ्या भावाचं कुलूप आहे ते. त्याला कोणी हात लावायचा नाही.

आण्णांच्या माघारी वाटणी झाली, त्या दिवशी तू म्हणाला होतास, “बंदूक तुला, मग मी खंडेनवमीला काय खुरपं पुजू व्हय?” आणि तेच कुलूप लावून कोल्हापुरात राजारामपुरीला राहायला गेलास. परवान्यावर एकाचंच नाव लागतं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. भावाचंही नाव घालता येतं, हे कचेरीतल्या कारकुनाने मला तेव्हाच सांगितलं होतं. आण्णांची एक तरी वस्तू माझ्या एकट्याची असावी, असं वाटलं. पृथ्वीराज, मी चुकलो. चार वर्षं त्या बंदुकीला एकट्याने हळदकुंकू वाहताना मला लाज वाटत आली आहे.

अर्ज आणून ठेवलाय. तुझं नाव लिहिलंय, सही तेवढी तुझी हवी. क्रांतीलाही घेऊन ये. नवे कप आणलेत. वहिनीच्या मते रंग भडक आहे, पण तिला काय कळतंय!

किल्ली विसरू नकोस. हे काम एकट्याचं नाही. एकाने इकडून बोल्ट घट्ट धरला नाही, तर पलीकडचा नुसता नट फिरवत बसतो. इकडून मी धरतो.

भिंतीच्या अलीकडे पाना घेऊन बसलेला,
तुझा दादा
आकाराम