दाढदुखीची लय

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात पाच-सहा अंगांवर भागवून घे.) तुझं पत्र पोचलं. तुझा रक्तदाब आटोक्यात आहे आणि वहिनींचा गुडघा वळायला लागला हे वाचून बरं वाटलं. माझी खुशाली विचारली आहेस. अन्न पोटात जातं, झोप येत नाही, बाकी आनंद आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आमच्या बॅले कंपनीवरचा चित्रपट तुमच्याकडे लागतोय, वहिनी शिवणवर्गाच्या सगळ्या बायकांना घेऊन जाणार आहेत, तर मी नेमका कुठे दिसतो ते कळव, असं तू लिहिलंस. कळवतो. एकतिसाव्या मिनिटाला माझं डावं कोपर दिसतं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला टक्कल, मागून. बायकांना सांग, पापणी लवू देऊ नका. खोली तापवणारा जो नळ भिंतीवरून गेला आहे त्याला या चित्रपटात चार प्रसंग आहेत, आणि त्यातल्या एकात तो एकटाच आहे. सव्वीस वर्षं त्या नळाला खेटून मी पियानो वाजवला, आणि दिग्दर्शकाला जीव लावावासा वाटला तो नळाला.

माझं काम नक्की काय, हे घरात कोणाला कधी कळलं नाही. (बाबा शेवटपर्यंत सांगत, ‘तो नाचणाऱ्यांकडे असतो,’ आणि विषय बदलत.) तर रोज सकाळी नऊ वाजता चाळीस नर्तक भिंतीच्या दांड्याला धरून उभे राहतात, शिकवणाऱ्या बाई व्यायाम सांगतात, आणि मी वाजवतो. नुसतं वाजवायचं नसतं, पाय बघत वाजवायचं असतं. कोणाचा घोटा दुखावलाय, कोण रात्री रडून आलंय, ते मला पायांवरून कळतं आणि त्याप्रमाणे मी हात जड-हलका करतो. आमच्यात चाळिशी गाठलेला एक नर्तक आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. मामाला हवेत जायला वेळ लागतो आणि खाली यायला त्याहून जास्त. तो खाली येईपर्यंत मी शेवटचा सूर धरून ठेवायचो. आठ वर्षं धरला. आम्ही यावर एक अक्षर कधी बोललो नाही.

चित्रपटवाले आले ते तीन महिन्यांसाठी. आम्ही इथे नाहीच असं समजा, रोज जगता तसं जगा, असं दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि तेव्हापासून कंपनीत एक माणूस रोजच्यासारखा जगला असेल तर शपथ. झाडणाऱ्या बाई एकच कोपरा सात वेळा झाडू लागल्या. व्यवस्थापक, ज्यांना आम्ही वर्षातून दोनदा पाहत असू, ते रोज टाय लावून येऊन बुटांच्या खोलीत विचारमग्न उभे राहत. मुख्य नर्तकीला एकदा खरंच रडू फुटलं, तर खिडकीतला उजेड गेला म्हणून दुसऱ्या दिवशी तिने तेच रडं पुन्हा काढून दिलं. (दुसरं जास्त चांगलं झालं. चित्रपटात तेच आहे.) मी मनात म्हणत होतो, बघा, सगळे सोंगं करताहेत, एकटा मी तेवढा जसाच्या तसा. आणि नेमकी माझीच मान अडकली.

झालं असं. आवाज टिपणाऱ्या बाई एक दिवस माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, चित्रं तुकड्यातुकड्यांनी जोडायची असतात, खाली सलग संगीत लागतं, तर सकाळचा अख्खा वर्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून द्याल का. दादा, सव्वीस वर्षांत कोणी माझ्याकडे तोंड करून मला ऐकलं नव्हतं. मी इस्त्रीचा सदरा घातला. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर चष्मा न शोधता सही केली. जीव ओतून वाजवलं. फक्त त्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंची दाढ ठणकत होती, साडेदहाची दंतवैद्याची वेळ होती, म्हणून गालाला हात लावून त्या भराभर आकडे म्हणत होत्या. मीही त्यांच्यामागे धावलो. दीड तासाचा वर्ग एक तास आठ मिनिटांत संपला आणि बाई कोट हातातच घेऊन पळाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

चित्रपट झळकला, टाळ्या झाल्या, आणि महिन्याभराने व्यवस्थापकांनी मला बोलावलं. चित्रपटवाल्यांनी ते सगळं ध्वनिमुद्रण कंपनीला भेट दिलं होतं. माझे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले, “तुम्ही आता कायमचे आमच्याबरोबर आहात.” मी कृतज्ञतेने मान हलवत होतो. मग म्हणाले, “तेव्हा आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल.” मला वाटलं आजच्यापुरतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर पियानोवर झाकण, झाकणावर स्पीकर, आणि स्पीकरमधून मी.

आता गंमत ऐक. (मला ती गंमत वाटत नाही, पण तू हसशील.) स्पीकरला पाय दिसत नाहीत. अख्खी कंपनी रोज सकाळी बाईंच्या दाढदुखीच्या वेगाने उड्या मारू लागली. बाईंची दाढ तर केव्हाच काढून झाली, लय मात्र तीच. पहिल्या आठवड्यात दोन घोटे मुरगळले, तिसऱ्यात एक पोटरी गेली. बाराव्या व्यायामात मला शिंक आली होती. नवीन मुली तिच्यावर गिरकी घ्यायला शिकल्या. आणि मामा रोज सूर संपून गेल्यावर शांततेत धप्पकन खाली यायचा. आठ दिवस आला. नवव्या दिवशी तो बाकावर बसून राहिला, तो अजून उठलेला नाही. हे मला बाईंनी सांगितलं. स्वतः तीन जिने चढून माझ्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, “हे असं चालायचं नाही. मी वर बोलते, तुम्ही सोमवारी या.”

दादा, मी त्या रविवारी काय खुशीत होतो! नखं कापली. सदरा दोनदा इस्त्री केला. आणि सोमवारी दारातच मला कळलं, की यंत्र हळू करायचं बटण कोणालातरी सापडलं आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनाही घर आहे.

तेव्हापासून मी रोज नवाला कंपनीसमोरच्या बसथांब्यावर उभा असतो. वर खिडकी उघडी असते, मी स्वतःला ऐकतो आणि चुका काढतो. परवा शेजारी एक गृहस्थ होते. म्हणाले, “छान वाजवतो हो कोणीतरी.” मी म्हटलं, “बरा वाजवतो. डावा हात कच्चा आहे.” ते म्हणाले, “तुम्हाला यातलं कळतं वाटतं?” मी समोर आलेल्या बसमध्ये चढलो आणि कुठेतरी उतरलो. माझं काय करायचं ते मला खरंच कळत नाही, दादा. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने दुसरं काय शिकायचं? पाय बघून पोट भरणारा दुसरा धंदा चांभाराचा, आणि त्याला हातात जोर लागतो.

चित्रपट मात्र जरूर बघा. नळाचं काम उत्तम झालं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं सगळं मुलांना वाचून दाखवू नकोस. काका चित्रपटात आहे एवढंच सांग, कोपर ओळखायला लाव.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिली. मागच्या खोलीतला आईचा पियानो सुताराला लाकडासाठी देणार, असं तू पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं आहेस. दादा, सुताराला आठ दिवस थांबव. मी येतो. पियानोवरच्या गाद्या मी उचलीन, दार लावून घेईन, वहिनींच्या दुपारच्या झोपेच्या वेळी हात लावणार नाही. माझ्या घरात पियानो कधीच नव्हता, तुला ठाऊक आहे. कंपनीचा होता तोच माझा होता.

ता. क. ३. त्याच्या पाच पट्ट्या वाजत नाहीत असंही तू लिहिलं आहेस. त्याची काळजी करू नकोस. दोन महिने मी जेवणाच्या टेबलावर रियाज करतोय. टेबलाची एकही वाजत नाही.