घालून घालून सैल होतील

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बूट-चपला विकणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले आणि तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या धाकाने, भुरळीने किंवा आग्रहाने करीत नाही. आग्रह म्हणजे काय ते मला चांगले कळते. बावन्न वर्षे मी तोच करीत आलो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

माझे वारस दोन. थोरली मुलगी, जिला घरात सगळे ताई म्हणतात, ती दुसऱ्या गावी वाचनालयात नोकरी करते. धाकटा मुलगा, ज्याला मी लहानपणापासून पोपट म्हणतो, तो माझ्याबरोबर दुकान पाहतो. त्यांची आई नऊ वर्षांपूर्वी गेली.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पोपट व सूनबाई यांना मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करण्याची सूनबाईची जुनी मागणी मी या कलमाने मंजूर करतो. मी इतकी वर्षे नाही म्हणत होतो ते केवळ नाही म्हणायचे म्हणून.

कलम २. बँकेतील ठेवी दोघा भावंडांना समसमान. याबद्दल आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. बूट चढवायचा माझा पितळी चमचा अकरा वर्षांपूर्वी समोरच्या बूटवाल्याने ‘पाच मिनिटांसाठी’ नेला आहे. तो मी त्यालाच देणार होतो. परंतु साक्षीदाराला काही दिले तर ते देणे टिकत नाही, असे वकिलांनी सांगितले, आणि साक्षीला तर तोच हवा. तेव्हा पोपटने तो चमचा रीतसर परत आणावा आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांसाठी उसना द्यावा.

कलम ४. पोपटला माझे विक्रीचे ज्ञान. तो पाच दिवसांचे शिबिर करून आला आणि एक निळी फाइल घेऊन आला. तीत पहिल्याच पानावर लिहिले आहे की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची संधीच देऊ नये. मी हसलो नाही, कारण फाइलशिवाय मीही तेच करीत होतो. बोलणाऱ्याची माती विकली जाते, असे माझे वडील म्हणायचे, आणि मी खरोखर माती विकली असती. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले की मला त्या दिवशी जेवण जात नसे.

पोपटा, तुझा आवाज गोड आहे. कोणाची मुलगी कितवीत आहे हेही तुझ्या लक्षात राहते. ही देणगी आहे, ती वाया घालवू नकोस. पण आधी खाली बस. ठेंगण्या स्टुलावर बसायची तुला लाज वाटते, मला दिसते. तिथून काय दिसते ते उभ्या माणसाला कळत नाही. जुना जोड हातात घेऊन बघ, टाच कुठल्या बाजूने झिजली आहे. दिवसभर उभे राहायचे काम आहे की बसून, ते विचार. नवा जोड घालून माणूस आरशापासून दारापर्यंत जाऊन येतो, तेवढा वेळ तोंड बंद ठेव. आणि ‘आमच्याकडे नाही’ हे म्हणायला शिक. मला ते यायला वयाची एकावन्न वर्षे लागली.

कलम ५. ‘घालून घालून सैल होतील’ हे वाक्य. ही माझी एकमेव मिळकत जी मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर जावी. पोपटने ते दुकानात उच्चारू नये. त्याचे कारण असे.

तेवीस वर्षांपूर्वी इस्पितळातील एक नर्सबाई आली. तिला कामावर घालायला काळे बंद बूट हवे होते. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची. माप घ्यायच्या स्टुलावर तीच बसायची. बाईचा पाय रुंद, आमचा माल अरुंद. मी नेहमीचे वाक्य टाकले. ताईने पायावरचा हात काढला नाही. ती बाईला म्हणाली, “हे नका घेऊ. आठ तास उभं राहायचंय तुम्हाला. समोरच्या दुकानात रुंद बूट आहेत.”

मी भरल्या दुकानात ओरडलो, “खायचं माझं आणि गायचं समोरच्याचं? उठ त्या स्टुलावरून.”

ती उठली. नर्सबाई बिचारी इतकी संकोचली की तिने तोच जोड मुकाट्याने घेतला. मी जिंकलो असे मला वाटले. ताई महिन्याभरात नोकरी शोधून गेली. त्यानंतर ती वर्षातून एकदा येई, वर खोलीत बसे, दुकानात पाऊल टाकत नसे.

तीन महिन्यांनी नर्सबाई लंगडत आली. अंगठ्याचे नख काळे पडले होते. मला वाटले, भांडायला आली. ती म्हणाली, “काका, दोष माझ्या पायाचाच आहे. कसे का होईना, दुसरे द्या.”

शिव्या दिल्या असत्या तर मी चार युक्तिवाद तोंडावर मारले असते. पण बूट माझा, चूक माझी, आणि ती आपल्या पायाला दोष देत होती! ते मीच तिच्या गळी उतरवले होते. त्या दिवशी मी स्वतः तिला समोरच्या दुकानात नेऊन सोडले. समोरचा बूटवाला आ वासून बघत राहिला. तेव्हापासून चावणारा बूट मी विकला नाही. मात्र ताईला यातले एक अक्षर सांगितले नाही. वाटेल ते पटवणारी जीभ, पण ‘चुकलो’ म्हणायची वेळ आली की टाळ्याला चिकटायची.

कलम ६. दुकान, त्यातील माल, खोकी, आरसा आणि फलक यांत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. माप घ्यायची लाकडी पट्टी आणि ठेंगणे स्टूल मात्र एकट्या ताईचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, म्हणून येथे स्पष्ट लिहितो: तिने परत यावे यासाठी पोपटने, सूनबाईने किंवा कोणीही तिला पटवू नये. ती आली नाही तरी हिस्सा तिचाच. हा एक सौदा तरी मला बोलून करायचा नाही.

कलम ७. फक्त ताईसाठी. वर्षभरापासून माझे पाय सुजतात. मी आठ नंबरच घालत राहिलो, टाच मोडून. गेल्या महिन्यात तू आलीस, जिन्यावर मला लंगडताना पाहिलेस आणि तेवीस वर्षांनी दुकानात शिरून स्टूल ओढलेस. माझा पाय पट्टीवर ठेवून म्हणालीस, “बाबा, तुमचा नंबर आता नऊ आहे. आणि रुंद.” मी म्हणालो, घालून घालून सैल होतील. उठून रस्ता ओलांडलास आणि समोरच्याकडून जोड घेऊन आलीस. पोपट खोके हातात धरून उभा होता, आता बाबा ओरडणार म्हणून. मी पाय आत घातला. वर्षाने बोटे मोकळी झाली. मी एवढेच म्हणालो, “बरे आहेत.” तू संध्याकाळच्या बसने गेलीस. पोरी, तू तेव्हाही बरोबर होतीस. मी चुकलो.

पुरवणी, त्याच दिवशी, सही करण्यापूर्वी. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. तरी समोरच्या बूटवाल्याने चष्मा लावून सगळे वाचले. कलम सातवर थांबून तो म्हणाला, “हे मेल्यावर ऐकवणार? तिलाही बूट चावतच ठेवायचा का तोवर?” आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मी लावला. वाचनालयात बोलता येत नाही म्हणून ती बाहेर आली. मी जे लिहिले होते त्यातले शेवटचे वाक्य फक्त म्हणालो. मोकळे झाल्यावर मलाच रडू आले. मग तिने विचारले, “बूट चावत नाहीत ना, बाबा?” मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, “रविवारी येते. स्टूल पुसून ठेवा.” मी तिला काहीही पटवले नव्हते.

सबब कलम ७ मधील देणे जिवंतपणीच पोचते झाले असून ते रद्द समजावे. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण: दुकानामागील खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, दुकान बंद

लिहून ठेवणार: (सही) बूटवाला

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे.

साक्षीदार २: (सही) समोरचा बूटवाला. माझ्यासमोर सही केली. पायांतले बूट माझ्या दुकानातले आहेत आणि नीट बसतात. चमचा उद्या आणून देतो.