साडेचौतीसचे चौतीस

१२ जुलै २०१९

सिंधूताई पास आहेत! चूक माझी. आज सापडली.

निकालाचा प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता — पायथनमध्ये. मे महिन्यात संस्थेत नवा संगणक आला, त्यात पायथनची नवी आवृत्ती. पाचसहा ओळी अडल्या, दुरुस्त केल्या. राउंड नावाचं फंक्शन अडलंच नाही. आधी ते साडेचौतीसचे पस्तीस करायचं. आता बरोबर अर्धा आला की सम आकडा धरतं — चौतीस. मी तपासलं साडेपस्तीसवर. छत्तीस आले, मी खूश.

पास व्हायला पस्तीस लागतात.

१३ जुलै

निकालाच्या दिवशी सिंधूताई माझ्या टेबलाशी आल्या होत्या. नर्सिंग मदतनीसाच्या वर्गात सगळ्यात मोठ्या, एकोणचाळीस वर्षांच्या. देऊळघाटहून बुलढाणा, तिथून गाडी बदलून मोताळा — रोज.

"सर, दोन पेपरचे एकोणसत्तर. त्याचे अर्धे चौतीस काऊन? एक खेप हातानं करून पाहा ना."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, संगणक चुकत नसतो." वर्ग हसला. मीही हसलो. हे लिहिताना कान तापलेत.

१५ जुलै

प्राचार्य महादेवरावांना सांगितलं. सुधारित गुणपत्रिका गुपचूप टपालानं पाठवा, बोभाटा नको, म्हणाले. मी स्वतः नेऊन देतो म्हटलं.

मग त्यांनी बुलढाण्याच्या जागेचं विचारलं. तिथल्या एका खासगी दवाखान्यात सिंधूताई आठ वर्षं साफसफाईला होत्या. पास झाल्या की मदतनीसाची जागा त्यांचीच, असं डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं होतं. नापास झाल्या, म्हणून जागा दुसऱ्या बाईला गेली. मी गुणपत्रिका छापायला उठलो.

१६ जुलै

गेलो नाही. भित्रा आहे मी.

१७ जुलै

देऊळघाट. सिंधूताई लोकांच्या सोयाबीनात निंदत होत्या. दवाखाना सोडलाय. निकालानंतर तिथं तोंड दाखवायची लाज वाटली म्हणे. लाज — त्यांना!

बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कुणाची, वर्गात मी काय बोललो तेही. हात मातीचे म्हणून त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली नाही. मी समोर धरली, त्यांनी वाकून वाचली. दोनदा.

"मी घरी तीन खेपा मोजलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "मंग वाटलं, मलेच मोजता येत नसन."

रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं, आणि कागद त्यांच्या घरी नेऊन ठेवायला सांगितला.

१८ जुलै

खरं लिहितो. चूक मला बाराला नाही, सहा तारखेलाच सापडली होती. इथंही लिहिली नाही. दवाखान्यातली जागा आठ तारखेला भरली. ती दुसरी बाई म्हणजे माझी बायको, कोकिळा.

आज सकाळी तिला सांगितलं. तिनं दवाखान्यानं दिलेली गणवेशाची साडी अंगावर घेतली नाही. घडी करून पिशवीत टाकली, आणि बुलढाण्याच्या गाडीत बसली.